इंजिन ओरडतं, सायकल हलत नाही: बिघाड शोधायचा कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहणाऱ्या एका गृहस्थांनी जुन्या २८ इंची काळ्या सायकलला ऑनलाइन मागवलेलं टू-स्ट्रोक इंजिन किट बसवलंय. त्यावर ते टॉवेलचे गठ्ठे पोहोचवतात. सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग क्लच जड लागतो म्हणून केबल बदलली, आणि ती चांगली ‘टाइट’ करून घेतली. त्यानंतर ओझं घेऊन पुलाचा चढ चढताना इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. आता रिकामी सायकलसुद्धा सपाट रस्त्यावर धड ओढत नाही. पेडल मारून क्लच सोडला की इंजिन कधी फिरतं, कधी नाही. मागून डाव्या बाजूला ‘कट् कट्’ असा आवाजही येतो. दुकानदार म्हणतो गिअरबॉक्स गेला, नवीन इंजिनच टाका. खरंच टाकावं का?

मालक, या इंजिनात गिअर बदलणारा गिअरबॉक्स नावाची वस्तूच नाही, मग ती जाणार कुठून? नवीन इंजिनाचे पैसे आत्ता खिशातच ठेवा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझा अंदाज असा की तुमच्या सायकलीत एक नाही, दोन दोष आहेत, आणि दोन्ही इंजिनाच्या बाहेरून आलेले आहेत. पण अंदाजावर पाना फिरवायचा नसतो. म्हणून आधी ताकद कुठून कुठे जाते ते बघू. एकदा ती वाट डोळ्यांसमोर आली की बिघाड तुम्हालाच सापडेल.

सायकलवर बसल्यावर तुमच्या उजव्या पायाकडे इंजिनाचं जे मोठं झाकण आहे, त्याच्या आत दोन गिअर असतात. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, टोकाला छोटा, २० दात्यांचा. त्याला लागून मोठा, ८२ दात्यांचा. या मोठ्या गिअरला गोल भोकं असतात आणि प्रत्येक भोकात क्लचचा एकेक पॅड बसवलेला असतो. हे पॅड गिअरच्या दोन्ही अंगांनी किंचित बाहेर डोकावतात. स्प्रिंगच्या जोरावर बाहेरची प्लेट त्यांना आतल्या प्लेटवर दाबून धरते. दाब असेल तर गिअर आणि मधला शाफ्ट एकत्र फिरतात, दाब गेला की गिअर एकटाच फिरतो. क्लच म्हणतात तो एवढाच. तो शाफ्ट इंजिनातून आरपार डावीकडे जातो. तिथे १० दात्यांचं पुढचं सॉकेट (चेन बसते ते दातेरी चक्र, स्प्रॉकेट), मग चेन, मग मागच्या चाकाच्या तारांवर कसलेलं ४४ दात्यांचं सॉकेट, आणि शेवटी चाक.

गणित करून बघा. ८२ भागिले २० म्हणजे ४.१, आणि ४४ भागिले १० म्हणजे ४.४. दोन्हींचा गुणाकार १८ च्या जरा वर. म्हणजे मागचं चाक एकदा फिरलं की इंजिन १८ वेळा फिरायलाच हवं. हा १८ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

माग बंद पडला की जाणता जॉबर, म्हणजे मागाचा मिस्त्री, मोटारीपासून सुरुवात करून हालचाल कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे थांबते एवढंच बघतो, आपणही तेच करायचं. फक्त आपण उलट्या दिशेने, म्हणजे चाकाकडून इंजिनाकडे जायचं. कारण इंजिन बंद ठेवून हाताने चाक फिरवता येतं, सावकाश बघता येतं आणि बोटं शाबूत राहतात.

झाकण उघडायच्या आधी एक फुकटचा तपास. डाव्या मुठीवरच्या क्लचच्या दांडीला एक छोटी लॉकची पिन असते. दांडी ओढून पिन दाबली की क्लच सुटलेलाच राहतो, म्हणजे इंजिन चालू ठेवून थांबता येतं. ही पिन धुळीने अर्धवट अडकून बसते. दांडी पूर्ण मागे येतेय का ते बघा. हसू नका, एवढ्यासाठी लोक सायकल ढकलत आणतात.

पुढचा तपास कानाचा. ‘ओढत नाही’ ही तक्रार दोन वेगळ्या रोगांची असते. चढाला इंजिनाचा आवाज खाली पडत गेला, घुसमटल्यासारखा झाला, तर इंजिनातच दम नाही. सायलेन्सरमध्ये कार्बन साचलाय, एअर फिल्टर तुंबलाय, पेट्रोल कमी येतंय, असलं काही तरी. आवाज वर चढत गेला आणि सायकल मागे राहिली तर इंजिन ठणठणीत आहे, ताकद वाटेत सांडतेय. तुम्ही ‘ओरडतं’ लिहिलंय, म्हणजे दुसरा प्रकार. तरी खात्री करायची असेल तर पुढचं चाक भिंतीला टेकवा, सायकलवर बसा, इंजिन बेताच्या रेसवर ठेवा आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच धरत असेल तर इंजिन धक्का देऊन बंद पडेल. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन गुणगुणत राहिलं आणि सायकल जागची हलली नाही, तर वाटेत कुठे तरी घसरतंय. हे एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त करायचं नाही, नाही तर उरलेसुरले पॅडही तिथेच जळतील.

आता पेडलचा मुद्दा. पेडल मारून इंजिन फिरत नाही म्हटल्यावर सगळे इंजिनावर संशय घेतात. पण पेडलची ताकद उजवीकडच्या चेनने फ्रीव्हीलमधून चाकाला जाते. फ्रीव्हीलच्या आतली कुत्री (दात्यांत अडकणारे छोटे खटके) झिजली किंवा वाळलेल्या ग्रीसमध्ये चिकटून बसली, तर पेडल रिकामं फिरतं आणि चाक ढिम्म. यात इंजिनाचा काडीचा संबंध नाही. म्हणून तपास करताना पेडल मारूच नका. खाली उतरा, सायकल हाताने ढकला आणि चालता चालता क्लच सोडा. ढकलून दरवेळी इंजिन फिरलं आणि पेडलने फिरलं नाही, तर फ्रीव्हील बदला. ढकलूनही कधी फिरतं, कधी नाही असं झालं, तर पुढे चला.

आता खरा तपास. स्टँड लावून मागचं चाक अधांतरी करा. इंजिन थंड हवं. प्लग काढा, म्हणजे कॉम्प्रेशनचा अडथळा राहणार नाही. डावीकडचं पुढचं झाकण काढलं की मॅग्नेट दिसतं. ते क्रँकवरच बसवलेलं असतं, म्हणून ते फिरलं म्हणजे इंजिन फिरलं. उजवीकडचं मोठं झाकणही काढा. स्क्रू मऊ धातूच्या बॉडीत गेलेले असतात, म्हणून नीट बसणारा स्क्रू-ड्रायव्हरच घ्या, आणि आतलं कागदी पॅकिंग फाटू देऊ नका. आता व्हाइटनरची एक बाटली घ्या, शाळेच्या पोरांकडे असते ती. क्रँकच्या टोकावरून छोट्या गिअरच्या अंगावर जाईल अशी एक सरळ रेघ ओढा. दुसरी रेघ क्लचच्या बाहेरच्या प्लेटवरून मोठ्या गिअरवर जाईल अशी. डावीकडे पुढच्या सॉकेटवरून शाफ्टच्या टोकावर तिसरी. वाळू द्या.

क्लचची दांडी मोकळी ठेवून चाक हाताने सावकाश पुढे फिरवा आणि रेघांकडे बघत राहा.

डावी चेन फिरतेय, पुढचं सॉकेट फिरतंय, पण सॉकेट आणि शाफ्टमधली रेघ तुटली, तर सॉकेट शाफ्टवर नुसतं गिरकी घेतंय. ते धरून ठेवणारी चावी, म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा, तुटली असेल किंवा तिची खाच रुंद झाली असेल. हा बिघाड बहुतेक वेळा एकदम होतो. काल गाडी चांगली होती, आज चढावर ‘टक्’ झालं आणि सगळंच गेलं, असं सांगणारा माणूस आला की मी आधी इथे बघतो.

शाफ्ट फिरतोय, त्याबरोबर बाहेरची प्लेट फिरतेय, पण मोठा गिअर उभा आहे आणि दुसरी रेघ दोन तुकड्यांत गेलीय, तर क्लच घसरतोय.

दोन्ही गिअर फिरतात आणि मॅग्नेट हलत नाही, तर छोट्या गिअरची चावी गेली. पहिली रेघही तुटलेली दिसेलच. ही चावी अर्धचंद्रासारखी असते, नखाएवढी. ती गेली की इंजिन मजेत चालतं आणि पुढे काहीच पोहोचत नाही. छोटा गिअर काढायला पुलर लागतो, किटबरोबर तो आलाय का बघा. हातोडी मारून गिअर काढणाऱ्याच्या हातात सायकल देऊ नका. क्रँकवर बसलेला घाव बेअरिंगपर्यंत जातो, आणि मग खरोखरच नवीन इंजिन घ्यावं लागतं.

तीनही रेघा शाबूत राहिल्या आणि चाकाच्या एका फेऱ्यात मॅग्नेट साधारण १८ वेळा फिरलं, तर बिनओझ्याचं काही घसरत नाहीये. खुश होऊ नका, तपास अर्धाच झालाय. आता प्लग परत बसवा, कॅप मात्र काढलेलीच ठेवा, आणि तेच पुन्हा करा. या वेळी कॉम्प्रेशनचा विरोध आला. चाक जोर लावून फिरवताना मोठा गिअर अडून राहिला आणि प्लेट त्याच्यावरून सरकली, तर थोडक्यात घसरणारा क्लच इथे पकडला जातो. तुमचं ‘कधी फिरतं, कधी नाही’ हे लक्षण मला नेमकं असंच वाटतं. बिघाड हळूहळू वाढत गेला, आधी ओझ्यावर, मग चढावर, मग सपाटीवर. चावी अशी हप्त्याहप्त्याने तुटत नाही. हळूहळू मरतात ते पॅड.

आता क्लच का मेला? नुसते पॅड बदलून देणारे खूप आहेत, आणि दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत येतं. पॅडवर खापर फोडण्याआधी तुमच्या केबलकडे बघू.

दांडी ओढली की केबल डावीकडच्या झाकणावरचा छोटा आर्म ओढते. आर्म आतल्या दांड्याला ढकलतो, दांडा शाफ्टच्या पोटातून उजवीकडे जाऊन प्लेटला बाहेर सारतो, आणि पॅड सुटतात. दांडी सोडली की स्प्रिंग प्लेटला परत आत ओढते. केबल ताणून बांधली की आर्म कधीच पूर्ण मागे येत नाही. म्हणजे तुम्ही दांडी सोडून बसलाय, पण आत दांडा प्लेटला थोडा ढकलूनच धरतोय. पॅड अर्धवट दाबात फिरतात, घासतात, तापतात. त्यांच्या तोंडावर काचेसारखी चकाकी येते, आणि असा पॅड पुढे पूर्ण दाबातही धरत नाही. म्हणून केबल नंतर सैल केली तरी बरं होत नाही, आणि लोक म्हणतात, ‘केबल बघितली, केबलचा दोष नाही.’ सुरुवात केबलनेच केलेली असते.

दांडीला मुठीजवळ २-३ मिलिमीटर मोकळी चाल हवी. म्हणजे बोटाने हलवली की आधी थोडी रिकामी हलली पाहिजे, मग ताण लागला पाहिजे. हँडल पूर्ण उजवीकडे आणि पूर्ण डावीकडे वळवून दोन्ही वेळा बघा. काळ्या सायकलीचं हँडल रुंद आणि केबल आखूड असेल तर एका बाजूला वळवल्यावर ती ताणली जाते, आणि वळणावर क्लच आपोआप सुटतो. क्लच जड लागण्याचं कारण तर बहुतेक वेळा वेगळंच असतं. केबलच्या आवरणात गंज असतो किंवा ती कुठे तरी तीक्ष्ण वळण घेऊन गेलेली असते. दोन थेंब तेल सोडून वळण मोठं केलं की हलकी होते. ताणून ती हलकी होत नाही, फक्त दांडी लवकर पकडते एवढाच भास होतो.

उजवीकडे प्लेटच्या मधोमध फुलासारख्या पाकळ्यांचा एक नट दिसेल. त्यावर एक छोटा लॉकस्क्रू असतो. क्लचची खरी सेटिंग हीच, आणि केबलची मोकळी चाल बरोबर झाल्यावरच याला हात लावायचा. आत्ता आहे त्या जागी खूण करा. मग एका वेळी एकच पाकळी सरकवा, लॉकस्क्रू लावा आणि दोन गोष्टी बघा: दांडी ओढल्यावर चाक मोकळं फिरतंय का, आणि सोडल्यावर मॅग्नेट ओढलं जातंय का. दोन्ही साधलं की थांबा. लॉकस्क्रू विसरलात तर नट चालत्या गाडीत फिरतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

आता पॅड. फुलाचा नट काढला की प्लेट सुटते. मोठा गिअर जागेवरच राहू द्या, पॅड बदलायला तो काढावा लागत नाही. पॅड सैल बसलेले असतात, टपकन पडतात, म्हणून खाली एक ताट ठेवा. एक पॅड हातात घ्या. चांगल्या पॅडचं तोंड खरखरीत आणि निस्तेज असतं, नखाने ओढलं तर हलका ओरखडा उठतो. जळलेला पॅड काळा, गुळगुळीत, चमकता असतो आणि नाकाशी नेला तर करपट वास येतो. पॅड गिअरमध्येच ठेवून त्याच्या पृष्ठभागावर एक पट्टी आडवी धरा. पॅड पट्टीला आधी टेकला पाहिजे. पॅड आणि गिअर एका पातळीत आले असतील तर प्लेट पॅडला दाबतच नाही, नुसती गिअरवर टेकते. तिथे पॉलिश पेपर घासून उपयोग नाही, नवेच टाका.

पॅड जाड आहेत आणि फक्त चकाकी आलीय, तर सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून दोन्ही तोंडं हलक्या हाताने घासा. दोन्ही प्लेटची तोंडंही तशीच खरवडून घ्या. पेट्रोलने धुवा, पण उघड्यावर, आणि जवळपास कोणी बिडी पेटवणार नाही हे बघून.

धुताना एक गोष्ट नीट बघा: पॅडवरची ओल कसली आहे? हा क्लच कोरडा चालतो. गिअरच्या दात्यांना मात्र थोडं ग्रीस लागतं, आणि त्या ‘थोडं’चा अर्थ आपल्याकडे एक मूठ असा घेतला जातो. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो, त्यात इंजिनाची धग. ग्रीस पातळ होऊन फिरत्या गिअरवरून उडतं आणि थेट पॅडवर जातं. दात्यांना बोटाने पुसटसा लेप द्या, बस्स. जाड चिकट काळं दिसलं तर हे ग्रीस. पण ओल पातळ असेल, तिला पेट्रोल आणि टू-टी ऑइलचा वास असेल, आणि धुऊन बसवल्यावर दोन दिवसांत परत आली, तर क्रँकच्या उजव्या बाजूचं सील गेलंय. त्याची आणखी एक खूण म्हणजे इंजिन मंद रेसवर धड टिकत नाही, कधी आपोआप रेस वाढते, कारण सीलमधून हवाही आत ओढली जाते. सील न बदलता पॅड बदलणं म्हणजे पैसे ओतणं.

अजून एक. डावीकडे त्या आर्मखाली, दांड्याच्या टोकाला, एक स्टीलची गोळी असते. चेन बदलताना किंवा सॉकेट काढताना ती घरंगळून जाते. ‘गोळी हरवली म्हणून क्लच घसरतो’ असं सांगणारा भेटला तर ऐकू नका. गोळी नसेल तर दांडी ढिली पडते आणि क्लच सुटतच नाही, म्हणजे अगदी उलटा रोग होतो. हां, कोणी तिच्या जागी मोठी गोळी किंवा दोन गोळ्या घातल्या असतील, तर मात्र दांडा कायम ढकललेला राहतो आणि क्लच घसरतो. तुमची केबल बदलताना कोणी तिथे हात घातला होता का, आठवून बघा.

हे झालं उजव्या बाजूचं. आता तुमची ‘कट् कट्’.

हा आवाज क्लचचा नाही, क्लच घसरताना कटकट करत नाही. हा मागच्या सॉकेटचा आहे असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं, आणि त्याचं कारण किट बनवणाऱ्याच्या आणि आपल्या सायकलीच्या हिशोबात आहे. मागचं सॉकेट चाकाच्या तारांवर बसतं. तारांच्या आतून-बाहेरून रबराच्या चकत्या, आतून अर्धचंद्राच्या पट्ट्या, आणि सगळं आवळणारे ९ बोल्ट. ९ बोल्टांची ही मांडणी ३६ तारांच्या चाकासाठी आहे, दर चार तारांमागे एक बोल्ट. आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला तारा असतात ४०. बोल्ट आणि तारांचा मेळ बसत नाही. काही बोल्ट तारेच्या फटीत नीट जातात, काही तारेला वाकवून घुसवावे लागतात. सुरुवातीला घट्ट वाटतं. मग रबर दबतं, बोल्ट सैल होतात, सॉकेट जोर आला की तारांमध्ये थोडं पुढे-मागे हलतं, आणि तीच कटकट ऐकू येते. पुढची पायरी तार तुटण्याची. वाकवलेली तार आधी तुटते.

चाक अधांतरी असतानाच सॉकेटच्या दात्यांजवळ बोट न नेता एक सुटी तार (चाकाची नव्हे) स्थिर ठेवा आणि चाक फिरवा. सॉकेट त्या तारेपासून जवळ-लांब होत असेल तर ते मधोमध बसलेलं नाही, चेन एका ठिकाणी ताणते आणि दुसऱ्या ठिकाणी लोंबते. चाक घट्ट धरून सॉकेट हाताने हलवा. हललं तर बोल्ट गेले. सगळे सारखे कसा, एकदम एकच आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही, समोरासमोरचे थोडे थोडे. पण माझा सल्ला विचाराल तर ओझं वाहायच्या सायकलीला मागे ३६ तारांचं रिम आणि हब बसवून घ्या. आरे भरणारा माणूस अर्ध्या दिवसात करून देतो. ४० तारांवर जुगाड करत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

चेनबद्दल लांबण लावत नाही. इंजिनाच्या बाजूची चेन ४१५ नंबरची असते. तिच्या कड्यांचं अंतर साध्या सायकल-चेनइतकंच, अर्धा इंच, पण ती रुंद आणि जाड असते. अंतर जुळतं म्हणून कोणी साधी सायकल-चेन घातली असेल तर ती सॉकेटवर नीट बसत नाही आणि उडी मारते. मधोमध दाबून साधारण १२ मिलिमीटर ढिली हवी. लॉकच्या कडीची क्लिप बसवताना तिचं बंद तोंड चेनच्या चालीच्या दिशेला ठेवा. पुढच्या सॉकेटचं झाकण मात्र नक्की काढून बघा. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरात माग, हवेत कापसाची तूस, आणि आपण चेन पुसतो वेस्टने, म्हणजे टाकाऊ सुताच्या गुंत्याने. ते धागे चेनच्या ग्रीसला चिकटून झाकणाखाली दाटून बसतात, त्यात काळ्या मातीची धूळ. सॉकेटच्या दात्यांमध्ये हा गोळा अडकला की चेन दात्यावर चढते, आणि चढलेली चेन इंजिनाची बॉडी फोडू शकते. वाळलेली काडी घेऊन उकरून काढा.

चेनचा ताण देणारी चकती, म्हणजे टेन्शनर, मागच्या चाकाजवळ फ्रेमच्या डाव्या दांड्यावर क्लॅम्पने लावलेली असते. तो क्लॅम्प सरकला की टेन्शनर तारांमध्ये जातो आणि मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. ओझं घेऊन उतारावर असताना हे झालं तर सांगायला नको. हाताने जोर लावून तो जरासुद्धा फिरतोय का बघा. फिरत असेल तर दुरुस्त होईपर्यंत सायकल बाहेर काढू नका. मागच्या ॲक्सलचा डावा नटही बघून घ्या. इंजिनाची ओढ डावीकडून असते, नट सैल असेल तर चाक तिरपं होऊन फ्रेमला घासतं, आणि माणसाला वाटतं इंजिन ओढत नाही.

दुरुस्ती झाल्यावर ओझं. ४४ च्या जागी ५० दात्यांचं मागचं सॉकेट टाका. १८ च्या ऐवजी साडेवीस फेरे होतात. इंजिन ४००० फेऱ्यांवर असताना २८ इंची चाकाला ताशी २९ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो, तो २६ वर येईल. गठ्ठ्यांना त्याहून जास्त वेग लागतही नाही, आणि चढाला क्लचवरचा भार उतरेल. जागेवरून निघताना आधी पेडलने चालण्याच्या वेगापर्यंत या, मग क्लच सोडा. आसरा पुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघायचं असेल तर उतरून ढकला, लाज वाटून घेऊ नका.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण कोणी सांगत नाही. किटवर ‘८०’ लिहिलेलं असलं तरी त्याचा बोअर बहुतेक वेळा ४७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३८ मिलिमीटर असतो, म्हणजे प्रत्यक्षात ६६ सीसी. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून सूट आहे ती २५ सीसीपर्यंतच्या, चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला. तुमचं इंजिन त्यात बसत नाही. बॅटरीवाल्यांना २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत सूट मिळते. बाकी तुम्ही जाणा. पण काळ्या सायकलीचे दांडीवाले ब्रेक या वेगासाठी केलेले नाहीत, ते तरी आधी बदला.

बॅटरीच्या सायकलवरून आठवलं, तिथेही हीच तक्रार असते: मोटार गुणगुणते, चाक फिरत नाही. हबच्या आत गिअर असलेली मोटार असेल तर चाक उचलून हाताने उलटं, मागच्या दिशेने फिरवा. चांगल्या हबमध्ये पुढे मोकळं आणि मागे जड लागतं, कारण आतला एकतर्फी क्लच उलट्या दिशेला मोटारीला पकडतो. दोन्हीकडे सारखंच मोकळं फिरलं तर आतले नायलॉनचे गिअर किंवा तो क्लच गेला. कंट्रोलर आणि बॅटरी बदलत बसू नका. लुना-एक्सएलवाल्यांना क्लचची दांडी नसते, तिथे सेंट्रीफ्युगल क्लचचे शू झिजतात, रेस वाढवली की ते बाहेर फाकून ड्रमला धरतात. पण आवाज चढतो आणि गाडी मागे राहते हे लक्षण तिथेही तेच.

तर तुम्ही आधी केबल सैल करा, मग प्लग काढून रेघा बघा, मग पॅड. चाळीस तारांचं चाक तेवढं आरे भरणाऱ्याकडे द्या. एवढं करून घसरणं थांबलं नाही तर मॅग्नेट फिरतं का, पॅडवरची ओल जाड आहे की पातळ, आणि कोणती रेघ तुटली, तेवढं कळवा. फोटो पाठवणार असाल तर पॅडचा पाठवा, दिवसाच्या उजेडात, न पुसता.